गर्ड म्युलरचे गोल म्हणजे नुसते टॅप-इन होते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाचा चौदा वर्षांचा, शाळेच्या टीममधे स्ट्रायकर, उंचीला कमी, मांड्या दणकट. मामांनी त्याला यूट्यूबवर पश्चिम जर्मनीचा आणि बायर्न म्युनिक क्लबचा जुना स्ट्रायकर गर्ड म्युलर याचे गोल दाखवले तर पोरगं म्हणालं, "मामा, हे तर सगळे टॅप-इन आहेत (म्हणजे गोलसमोर आलेला बॉल नुसता आत ढकलायचा), एवढं तर मी पण मारतो." आता मामा विचारतायत की म्युलर खरंच एवढा मोठा होता का, की तो काळच ढिला होता म्हणून आकडे फुगले, आणि ह्या पोरानं त्याच्याकडून नेमकं काय घ्यावं.

मी कोल्हापुरात बरीच वर्षं पोरांना फुटबॉल शिकवतोय, त्यातही स्ट्रायकरच्या जागी खेळणाऱ्यांना जास्त, त्यामुळं जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

आधी भाच्याची बाजू घेतो, कारण त्यानं जे बघितलं ते त्यानं बरोबरच सांगितलं. ते व्हिडिओ कापलेलेच असे असतात की बॉल बॉक्समधे येतो, म्युलर पाय लावतो, गोल, हात वर, पुढचा गोल. एका गोलाला चार-पाच सेकंद. त्यात दिसतो तो फक्त शेवट. गोलपासून सहा यार्डांवर एकटा उभा असलेला माणूस बघून कुणालाही वाटणार की यात काय मोठं. पण प्रश्न हा आहे की तिथं तो एकटा कसा? ज्या लीगमधे प्रत्येक स्ट्रायकरच्या मागे एक माणूस खास चिकटवलेला असायचा आणि त्याच्याही मागे लिबेरो, म्हणजे कुणाला न चिकटलेला मोकळा डिफेंडर, उभा असायचा, तिथं हा बुटका माणूस दर आठवड्याला मोकळा सापडतोच कसा? आठ सेकंद मागं जाऊन बघितलं की टॅप-इन वगैरे डोक्यातून जातं.

आकडे आधी उरकून घेऊ. बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगमधे, ४२७ मॅच, ३६५ गोल. पश्चिम जर्मनीसाठी ६२ मॅच, ६८ गोल, म्हणजे मॅचपेक्षा गोल जास्त. त्याचा जर्मनीचा रेकॉर्ड क्लोझानं २०१४ मधे मोडला, पण क्लोझाचे ७१ गोल १३७ मॅचमधे आहेत, दुपटीपेक्षा जास्त मॅच. सात वेळा बुंडेसलिगाचा टॉप स्कोअरर. १९७१-७२ च्या एका सीझनमधे ३४ मॅचमधे ४० गोल, तो रेकॉर्ड जवळजवळ पन्नास वर्षं टिकला, लेवान्डोव्स्कीनं २०२१ मधे ४१ वा मारला तो पण शेवटच्या मॅचच्या अगदी शेवटाला. वर्ल्ड कपमधे १९७० ला १० आणि १९७४ ला ४, एकूण १४, आणि तेवढ्याला गाठायला ब्राझीलच्या रोनाल्डोला २००६ उजाडलं.

आता "जुना काळ, ढिले डिफेंडर" ह्यावर. हे पूर्ण खोटं नाही. सायप्रसला १९६९ मधे जर्मनीनं १२-० हरवलं त्यात म्युलरचे चार होते, अल्बानियाविरुद्ध ६-० मधे पण चार. असले गोल आकड्यात असतातच, पेलेच्या पण आहेत, आजच्या स्टारांच्या पण आहेत. शिवाय तो सीझन बायर्नचा म्हणून पण बघायला हवा, त्या ४० गोलांच्या वर्षी आख्ख्या टीमनं १०१ गोल मारले होते, म्हणजे बॉल त्याच्यापर्यंत भरपूर पोचत होता. साध्या टीममधे असता तर एवढे झाले नसते हे मला मान्य आहे.

पण मग दुसरी बाजू पण तितकीच मोजा ना. सोव्हिएत युनियन काय ढिली टीम नव्हती, त्यांना मे १९७२ मधे म्युनिकला ४-१ हरवलं आणि चारही गोल म्युलरचे, आणि महिन्याभराच्या आत ब्रुसेल्सला युरो फायनलमधे तीच टीम परत समोर आली तेव्हा ३-० मधे ह्याचे दोन. म्हणजे त्यांनी नुकताच त्याचा मार खाल्लेला, कुणाला धरायचं हे पक्कं ठाऊक, तरी धरता आलं नाही. सेमीफायनलला बेल्जियमविरुद्ध २-१, दोन्ही त्याचेच.

आणि नियम! हे पोरांना कुणी सांगतच नाही. त्या काळी शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या बरोबरीला असलात तरी ऑफसाइड धरायचे, "लेव्हल म्हणजे ऑनसाइड" हा नियम १९९० चा. गोलकीपरला पायानं दिलेला बॅकपास हातात घेता यायचा, १९९२ पर्यंत, म्हणजे डिफेंडर अडचणीत आला की बॉल मागं देऊन मोकळा, प्रेस करून चूक काढायची सोय नाही. मागून पाय घालायचे ते वेगळंच, आज सरळ रेड मिळेल असल्या टॅकलला तेव्हा नुसती फ्री किक. मैदानं चिखलाची. १९७४ ला फ्रँकफर्टला पोलंडविरुद्धची मॅच बघा, फायर ब्रिगेडनं पाणी उपसूनसुद्धा बॉल पाण्यात अडकत होता, जर्मनीच्या होनेसची पेनल्टी पोलंडचा गोलकीपर टोमाशेव्स्कीनं अडवली, आणि मॅच १-० नं सुटली, गोल कुणाचा ते सांगायला नको. तर काळ सोपा होता की अवघड ह्याचं एका वाक्यात उत्तर नाही, फिटनेस आणि वेग आजचा जास्त हे खरं, पण स्ट्रायकरला नियमांचं संरक्षण पण आजच जास्त.

बरं, आता मुद्द्याचं. म्युलर करायचा काय?

शरीरापासून सुरू करतो कारण तुमच्या भाच्याचा तोच विषय आहे. म्युलर १९६४ मधे नोर्डलिंगेन ह्या छोट्या गावातून बायर्नमधे आला (तिथं त्यानं विणकामाची उमेदवारी केली होती, आमच्या इचलकरंजीकरांना हे सांगितलं की फार बरं वाटतं). बायर्न तेव्हा बुंडेसलिगात पण नव्हतं, खालच्या लीगमधे होतं. कोच चायकोव्स्की त्याला बघून वैतागलाच, हा वेटलिफ्टर मी काय करू म्हणाला असं सांगतात, आणि "छोटा जाडा म्युलर" हे नाव त्यानंच चिकटवलं. सुरुवातीला खेळवलं पण नाही. पण ते शरीर म्हणजे चरबी नव्हती, मांड्या होत्या. पाय आखूड, मांड्या भक्कम, वजन जमिनीजवळ. आखाड्यात चांगला पैलवान कसा खाली बसून पैतरा घेतो आणि त्याला ढकलून हलवता येत नाही, पण तो स्वतः मात्र कुठल्याही बाजूला झटक्यात वळतो, म्युलर बॉक्समधे तसा होता. सहा फुटी डिफेंडरला वळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ह्याचं वळून शॉट मारून पण झालेलं. लांब पळायला लावलं तर तो फार वेगवान नव्हता, पण पहिल्या दोन-चार पावलांत त्याला कुणी गाठत नव्हतं, आणि बॉक्समधे असतातच किती पावलं?

आता १९७४ च्या फायनलचा गोल काढा, ७ जुलै, म्युनिक, नेदरलँड्सविरुद्ध, ४३ वं मिनिट. स्कोअर १-१, नेदरलँड्सच्या नीस्केन्सची पेनल्टी दुसऱ्याच मिनिटाला, मग जर्मनीच्या ब्राइटनरची पेनल्टी. हा गोल मी पोरांना आवाज बंद करून दाखवतो आणि पुन्हा पुन्हा मागं घेतो. ग्राबोव्स्कीनं उजवीकडं बोनहोफला बॉल दिला, बोनहोफ बॉक्समधे घुसला, गोललाइनकडं गेला आणि खालून मागं कट करून दिला. इथं बहुतेक पोरं बोनहोफकडं बघतात. मी सांगतो, बोनहोफला विसरा, म्युलरला बघा. तो गोलकडं धावतोय, त्याच्याबरोबर डिफेंडर पण गोलकडं धावतायत, सगळ्यांचा वेग एकाच दिशेला. आणि म्युलर ब्रेक मारतो. बास, एवढंच. डिफेंडर पुढं गेलेले, तो मागं थांबलेला, मधे एक-दीड मीटरची जागा तयार.

आणि त्यानंतर जे होतं ते मला जास्त आवडतं, कारण त्याचा पहिला टच वाईट आहे! बॉल त्याच्या थोडा मागं आला, पाय लागून अजून मागं गेला, गोलपासून लांब. दहातले नऊ स्ट्रायकर इथं आधी बॉल नीट ताब्यात घेतील, एक टच अजून, मग मान वर करून कोपरा शोधतील, आणि तोपर्यंत दोघं अंगावर. म्युलर बॉल जिथं गेला तिथंच गेला, कंबर वळवली आणि उजव्या पायानं मारला. जोरात पण नाही, जमिनीलगत, कोपऱ्यात. योंगब्लूड जागचा हलला नाही, कारण गोलकीपरला पण वाटलं होतं की आता हा अजून एक टच घेणार. तो गोल म्हणजे वर्ल्ड कप, २-१, पुढं स्कोअर बदललाच नाही. (दुसऱ्या हाफमधे त्याचा अजून एक गोल ऑफसाइड म्हणून रद्द केला, तो पण बघा आणि तुम्हीच ठरवा, माझ्या मते तो गोल होता.)

हे एकदा डोळ्यांना सापडलं की मग बाकीचे "टॅप-इन" वेगळे दिसायला लागतात. १९७० ची इटलीविरुद्धची सेमीफायनल, एक्स्ट्रा टाइममधे पोलेत्तीला बॉल नीट साफ करता आला नाही, तो आणि गोलकीपर अल्बेर्तोसी यांच्यामधे अर्ध्या सेकंदाचा गोंधळ, आणि म्युलर तिथं घुसून बोटानं ढकलावा तसा बॉल ढकलतो, बॉल रांगत रांगत आत. दिसायला अगदी फालतू गोल. पण बॉल तिकडं गेल्या गेल्या बाकी सगळे थांबलेत की आता डिफेंडर घेईल, हा एकटा चुकेल असं धरून धावलाय. शंभरातल्या नव्वद वेळा डिफेंडर चुकत नाही आणि ते पळणं फुकट जातं, कुठल्या व्हिडिओत येत नाही. म्युलर ते नव्वद वेळा पण पळायचा. इंग्लंडविरुद्धच्या क्वार्टर फायनलचा १०८ व्या मिनिटाचा गोल पण तसाच, ग्राबोव्स्कीचा क्रॉस सगळ्यांच्या डोक्यावरून पलीकडं गेला, लोहरनं हेडरनं परत आत टाकला आणि म्युलरनं हवेतच पाय फिरवला. क्रॉस डोक्यावरून गेला की पोरं मान खाली घालून परत फिरतात, आमच्याकडं रोज बघतो मी. म्युलरसाठी तो बॉल संपलेलाच नसायचा.

अजून एक गोष्ट, ती व्हिडिओत जवळजवळ दिसतच नाही. तो नुसता बॉक्समधे उभा राहणारा नव्हता. बेकेनबाउर मागून बॉल घेऊन वर यायचा, म्युलरच्या पायात द्यायचा, म्युलर पाठीवर डिफेंडरचं वजन घेऊन एका टचमधे परत द्यायचा, आणि बेकेनबाउर पलीकडं मोकळा. हे त्यांनी बायर्नमधे आणि देशासाठी किती वेळा केलं असेल. दोघं १९६५ मधे एकत्रच वर चढले होते बुंडेसलिगात, गोलमधे सेप मायर. बायर्नचे १९७४, ७५, ७६ असे सलग तीन युरोपियन कप लोकांना आठवतात, पण ह्या भिंतीसारख्या पासचं श्रेय म्युलरला द्यायचं लोक विसरतात.

म्हणजे आत्तापर्यंतचं धरून सांगायचं तर तीन गोष्टी: सगळे पळतात तेव्हा थांबणं, खराब बॉलवर पण अजून टच न मागता मारणं, आणि दुसऱ्याच्या चुकीच्या आशेवर फुकट धावणं. ह्यातलं एकही उंचीवर अवलंबून नाही.

आता मैदानावर मी काय करतो ते. पोरांना शूटिंग प्रॅक्टिस म्हटलं की ती लाइन लावून उभी राहतात, कोच पुढं सुंदर बॉल सरकवतो, पोरगं लांबून येऊन दणका देतं, जाळी हलते, सगळे खूश. मॅचमधे असा बॉल कधी येतो? आमच्या मैदानावर तर माती, खडे, उन्हाळ्यात टणक झालेली जमीन, बॉल कुठं उसळेल नेम नाही. म्हणून मी मुद्दाम खराब बॉल देतो. पोराला गोलकडं पाठ करून पेनल्टी स्पॉटच्या आसपास उभं करायचं, मागं एक जण हात लावून उभा, आणि बॉल टाकायचा तो गुडघ्यावर, टाचेमागं, अर्धवट उसळता, कधी उजवीकडं म्हणायचं आणि डावीकडं टाकायचा. नियम एकच, दोन टचमधे शॉट, दुसरा टच म्हणजेच शॉट. सुरुवातीला पोरं चिडतात, "सर नीट द्या की" म्हणतात. बॉल बाहेर गेला तरी मी काही बोलत नाही, तिसरा टच घेतला तर मात्र शिट्टी. पोरं पायाखाली बॉल दाबून मग मान वर करतात ना, ती सवय ह्यानं हळूहळू जाते.

दुसरं म्हणजे रिबाउंड. कुणीही शॉट मारला, प्रॅक्टिसमधे, कुठल्याही खेळात, तर स्ट्रायकरनं गोलकीपरच्या पुढ्यात धावायचंच, गोल झालेला असला तरी. पोरांना हे वेड्यासारखं वाटतं. वाटू दे.

तुमच्या भाच्याबद्दल मात्र काही गोष्टी बघितल्याशिवाय सांगता येणार नाहीत. मांड्या दणकट म्हणजे ताकद आहे की वजन आहे? दोन्हीत फरक आहे, आणि चौदाव्या वर्षी पोरगं अजून वाढायचं असतं, आज बुटका तो दोन वर्षांनी बुटका राहील असं नाही, तर आत्ताच "तू म्युलर" असा शिक्का मारू नका. वळताना पाय भरभर टाकतो का, की आख्खं अंग एकदम फिरवतो, हे बघा. आणि त्याचे कोच कसे खेळवतात तेही महत्त्वाचं. आजचा फुटबॉल म्युलरच्या काळातला नाही, आता स्ट्रायकरला बॉल नसताना पण पळून डिफेंडरला दाबावं लागतं, खाली येऊन खेळ जोडावा लागतो, नुसतं बॉक्समधे दबा धरून बसणाऱ्याला बरेच कोच टीममधे घेत नाहीत. एकटाच स्ट्रायकर खेळवत असतील तर त्याला दम पण वाढवावा लागेल. पण बॉक्समधे बॉल आल्यावर काय करायचं हे मात्र १९७४ ला होतं तेच आज आहे. लेवान्डोव्स्कीनं ४० वा गोल मारून बरोबरी केली तेव्हा जर्सीखाली गर्डच्या नावाचा टीशर्ट घातला होता, ते काही उगाच नाही.

बाकी म्युलरच्या आयुष्याबद्दल पोराला सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा, मी मोठ्या पोरांना सांगतो. २८ व्या वर्षी, वर्ल्ड कप जिंकल्या जिंकल्या त्यानं देशाची टीम सोडली, म्हणजे ते ६८ गोल एवढ्या कमी वयापर्यंतचेच. १९७९ मधे अमेरिकेला फ्लोरिडात खेळायला गेला, नंतर दारूत बुडाला, जुन्या बायर्नच्या दोस्तांनी, होनेस वगैरेंनी हात देऊन बाहेर काढलं, आणि मग तो बायर्नमधेच ज्युनियर पोरांना शिकवायला लागला. २०१५ मधे अल्झायमरचं जाहीर झालं, २०२१ च्या १५ ऑगस्टला गेला, ७५ वर्षांचा होता.

एक मात्र सांगतो, तुमच्या भाच्याचं नशीब चांगलं की म्युलरच्या फिल्म आहेत. आपला नेव्हिल डिसूझा, मूळचा गोव्याचा, मुंबईचा खेळाडू, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधे ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक, सेमीफायनलला युगोस्लाव्हियाविरुद्ध पण आधी गोल त्यानंच मारला, स्पर्धेत एकूण चार, सगळ्यात जास्त गोल मारणाऱ्यांत बरोबरीनं पहिला. आता तो बॉक्समधे कसा वळायचा, कुठं थांबायचा, हे मी पोरांना काय दाखवून शिकवू? स्कोअरशीट दाखवून तर शिकवता येत नाही.

तर म्युलरची गोलांची मिक्स बघू नका, पूर्ण मॅच बघा. आधी १९७४ ची फायनल, मग १९७२ ची युरो फायनल, आणि वेळ असेल तर इटलीविरुद्धची १९७० ची सेमीफायनल, ती ४-३ हरले पण म्युलरचे दोन आहेत. भाच्याला सांगा बॉलकडं बघायचं नाही, दहा मिनिटं फक्त १३ नंबरवर डोळा ठेवायचा, आणि तो किती वेळा उगाच धावला ते वहीत मोजायचं. मोजून झालं की आकडा इथं टाका, मग पुढचं बोलू.